शेंड्याच्या वावराची पाळी

नांदेड
२३ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आप्पांना आरतीचा शरणार्थ.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही, मोठी अव्वा, सत्यमदादा सगळे बरे असाल. अव्वाचा गुडघा कसा आहे ते कळवा, कारण तिला विचारलं की ती माझ्याच जेवणाची चौकशी सुरू करते. हॉस्टेलच्या मेसमध्ये दुधी भोपळा चालू आहे आणि तो कधी संपेल असं वाटत नाही. अव्वाने दिलेली शेंगदाण्याची चटणी माझ्याबरोबर राहणाऱ्या उमरीच्या विशाखानेच अर्धी संपवली.

हातात फोन असताना ही पोर पत्र कशाला लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. आप्पा, फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणता, तेवढ्यात कुणीतरी डीपीवरचा फ्यूज उडाल्याचं सांगत येतं आणि फोन अव्वाच्या हातात जातो. घरच्या ग्रुपवर लिहावं तर शिवशंकरकाका लातूरहून अंगठा पाठवतात आणि विषय तिथेच संपतो. कागद मात्र तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता. खताच्या पोत्यावरचा मजकूर वाचताना मी तुम्हाला पाहिलेलं आहे.

या सत्रात आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा विषय आहे. कॉम्प्युटरमध्ये काम करणारा प्रोसेसर एक असतो आणि काम मागणारे प्रोग्रॅम ढिगाने असतात. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाला मध्येच थांबवून कुणाला बसवायचं, हे ठरवणारा एक कारभारी आत असतो. त्याला शेड्यूलर म्हणतात. आमच्या देविका मॅडमनी पहिल्याच तासाला पाच जणांना एकदम फळ्यापाशी बोलावलं, प्रत्येकाला एकेक गणित दिलं आणि खडू दिला एकच. व्हायचं तेच झालं. झोंबाझोंबीत खडूचे तुकडे झाले. मॅडम म्हणाल्या, आता भांडण होणार नाही असा नियम सांगा. मी हात वर केला आणि आपली विहीर सांगितली.

मी सांगितलं की आमच्या जळकोटला आजोबांनी खोदलेली एक विहीर आहे आणि तीन भावांची तीन वावरं आहेत. विहिरीला लागून थोरल्या भावाचं, म्हणजे आमच्या मोठ्या आप्पांचं. त्याच्या पुढे मधल्या काकांचं, पण ते लातूरला नोकरीला आहेत म्हणून तेही आप्पाच करतात. आणि पाटाच्या अगदी शेंड्याला माझ्या बाबांचं, जे बाबा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हापासून आई एकटी करते. पाणी प्रत्येकाला एकेक दिवस, आळीपाळीने. कुणी कुणाशी भांडत नाही. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, ह्यालाच राउंड रॉबिन म्हणतात आणि तुमचे आप्पा म्हणजे तुमच्या विहिरीचे शेड्यूलर. वर्ग हसला, पण आप्पा, मला खरंच अभिमान वाटला. पुस्तकातली गोष्ट आमच्या घरी आधीपासून आहे म्हणून मी दिवसभर मिरवत होते.

मग मॅडमनी मला तीच विहीर प्रोग्रॅममध्ये बसवून आणायला सांगितली. मी बसवली. त्यांनी ती पाहिली आणि विचारलं की पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचायला वेळ लागत असेल ना, तो कुठे धरलास? मी धरलाच नव्हता. आपला पाट मातीचा. दोन दिवस कोरडा राहिला की तो आधी स्वतःच पाणी पितो आणि मग पुढे सोडतो. तुमच्या वावरात मोटार सुरू झाली की पाणी, आईच्या वावरात जेवणवेळेपर्यंत नुसती वाट. एक काम थांबवून दुसऱ्याला जागा करून देण्यात जो वेळ वाया जातो तो आमच्याकडेही मोजतात. मग मॅडमनी विचारलं, लाइट गेली तर? मी म्हटलं, आमच्याकडे लाइट गेली तर पाळी गेली. परत आली की पुढच्याचा नंबर.

हे दोन्ही घालून प्रोग्रॅम चालवला तर तिसऱ्याचं काम पुरं होईचना. मला वाटलं माझंच काही चुकलंय. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. शेवटी मॅडमकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "प्रोग्रॅम बरोबर आहे. नियम तपास."

एखादं काम रांगेत उभंच राहतं आणि त्याची पाळी नावाला येऊन जाते, ह्याला पुस्तकात उपासमार म्हटलंय. हा शब्द मी माझ्या पदरचा घातलेला नाही.

म्हणून विचारते. लाइट गेली तर पाळी गेली, हा नियम कधीपासूनचा? आजोबांनी घातला होता का? मला प्रोजेक्टमध्ये लिहायचं आहे. आईला विचारलं तर ती काही सांगत नाही. भुईमूग फुलावर आलाय एवढंच म्हणाली. पाणी पुरतं का म्हटलं, तर म्हणाली पुरतं की. तिच्या आवाजावरून ते पुरत नाही हे मला कळलं.

आणखीही एक विचारायचं होतं. ते पाडव्याला घरी आल्यावर बोलू.

तुमची
आरती


जळकोट
२ मार्च

चि. आरतीस आप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, दोनदा वाचलं. इकडं सगळे खुशाल. तुझ्या अव्वाचा गुडघा हाय तसाच हाय. डॉक्टरनं खाली बसू नको म्हणून सांगितलं तर ती चुलीपुढून उठंना.

लाइट गेली तर पाळी गेली हा नियम बापजाद्यापासून हाय. लाइट काय एकट्या तुझ्या आईच्याच दिवशी जात न्हाई. माझ्या दिवशी बी जाते. मी कुणाला रडगाणं सांगत बसलो का? हे वावर हाय, कॉम्प्युटर न्हाई. तुझ्या मॅडमला एक दिवस उन्हात पाटावर उभं कर, मंग तिला इचार नियम कसा करायचा ते. भर वर्गात माझं नाव काढून पोरांला हसवलंस, ते काही बरं केलं न्हाईस.

आता तू इचारलं न्हाईस ते सांगतो. पत्रात काय लपवून राहिलीस ते मला कळतं. पाडव्यापासून तुझ्या आईचं वावर माझ्या सत्यमकडं बटईनं लावून द्यायचं ठरलं हाय. निम्मं पीक तुमच्या घरात बसल्या जागी येईल. बाईमाणसानं किती दिवस चिखलात उभं राहायचं? येणारा जाणारा मला नावं ठेवतो, की भाऊ गेला आन् भावजयीला पाण्यात उभी केली. तिला पाणी धरणं जमंना, पीक जळून राहिलं. सत्यम नीट करील. तुझ्या आईला मी इचारलं हाय. ती काही बोलली न्हाई, म्हंजे तिची हाव हाय, होकारच समज. पाडव्याला विहिरीवर बसलो की शिवशंकरसमोर पक्कं करू.

तुझ्या शिक्षणाला मी काही कमी पडू देणार न्हाई. तुझ्या बापाला, रेवणसिद्धाला तसा शब्द दिलेला हाय. तू ह्यात पडू नको. अभ्यास कर, उन्हात फिरू नको.

बसलिंगप्पा


जळकोट
१० मार्च २०२६

तीर्थरूप आप्पांना शरणार्थ.

तुम्ही बीदरच्या लग्नाहून परत याल तेव्हा पाटावरची गोष्ट दहा जणांनी दहा परींनी तुमच्या कानावर घातलेली असेल. म्हणून मीच लिहून ठेवते आहे. हे पत्र सत्यमदादा तुमच्या हातात देईल. त्याच्यावर रागावू नका. जे केलं ते मी केलं.

काल सोमवारी सकाळच्या गाडीने मी जळकोटला आले आणि तुमच्या घरी न येता सरळ वावरात गेले. आईच्या पाळीचा दिवस होता. आल्यावर आधी मोठ्यांच्या पाया पडायची आपली रीत मी मोडली, कारण अव्वाच्या हातचा चहा पिऊन मग तुमच्याच पाण्यावर उभं राहायला माझा पाय निघाला नसता.

भुईमूग पाहिला. अर्ध्या वावरापासून पुढे पानं मिटलेली. फुलं येऊन गेली आणि आता आऱ्या सुटल्या आहेत. आप्पा, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, मला हे तुम्हीच शिकवलंय. आरी जमिनीत उतरली तर शेंग, नाहीतर ती वरच वाळते. ढेकळासारख्या जमिनीत ती कुठून उतरणार? मी खाली बसून बोटाने उकरून पाहिलं तर नख दुखलं.

मोटार सकाळीच सुरू केली होती. पाट भिजत भिजत पाणी आईच्या बांधापाशी आलं, पहिला वाफा भरायला लागला आणि लाइट गेली. ती दुपार कलल्यावर आली. मोटारीचा आवाज झाल्याबरोबर आईने काय केलं माहीत आहे? फावडं धुतलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि घराकडे निघाली. सत्यमदादा अजून पाटावर आलाही नव्हता. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. लाइट गेली म्हणजे पाळी गेली, हे तिच्या अंगात एवढं मुरलंय की तिने वाटही पाहिली नाही. त्यावेळी मला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. राग अजून गेलेला नाही.

दादा तुमच्या उसाकडे पाणी वळवायला आला तेव्हा मी पाटात उभी होते, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून. त्याने मला हसून आधी कॉलेजचं विचारलं. मी म्हटलं, आज पाणी वळणार नाही.

तो म्हणाला, "मला कामून मधी घालतीस? आप्पाचा नियम हाय."

मी त्याला तुम्हाला फोन लावायला सांगितलं. त्याने लावला. लग्नाच्या गडबडीत तुम्ही उचलला नाहीत. मग मी त्याला एकच गोष्ट विचारली.

"दादा, बाबा होते तेव्हा हा नियम होता का?"

त्याने फावडं बांधावर रोवलं. मग म्हणाला, "न्हवता." आणि जाताना म्हणाला की मी अडवत न्हाई, पर आप्पाला तूच सांग. म्हणून सांगते आहे.

आप्पा, हा नियम बापजाद्यांचा नाही. मी तुम्हाला पहिल्या पत्रात विचारलं तेव्हाही मला हे माहीत होतं. तुम्ही काय उत्तर देता ते मला बघायचं होतं. बाबांच्या पाळीला लाइट गेली की दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणायचात, तुझं राहिलेलं आधी घे, मग मी चालू करतो. बाबा ओल्या पायांनी घरी येऊन आईला सांगायचे, आप्पाने आज माझं उरलेलं भरून दिलं. असं कितीदा झालं. तुम्ही दोघे भाऊ होतात तोवर लाइटीचा तोटा कुणा एकट्याच्या डोक्यावर पडत नव्हता. नियम बाबा गेल्यावर आला. कुणी ठरवला नाही, कुणी बोललंही नाही. तुम्ही एकदा भरून दिलं नाहीत, आईने मागितलं नाही आणि तोच नियम झाला.

तुम्ही लिहिलंत की लाइट माझ्या दिवशीही जाते. जाते ना. पण तिनातले दोन दिवस तुमच्या हातात आहेत. आज गेली तर उद्याचा दिवस तुमचाच. पाणी तुमच्या वावराला लागूनच आहे, पाट भिजायची वाट बघायची नाही. आणि ऊस दोन दिवस दम धरतो. आईच्या वाट्याला एकच दिवस, त्यातली सकाळ पाटाने प्यायची आणि दुपार लाइटीने न्यायची. दिवस सारखे वाटून दिले की वाटणी सारखी झाली, असं मीसुद्धा वर्गात छाती फुगवून सांगत होते. माझंही डोकं तिथेच अडलं होतं.

आणि आता तुम्ही म्हणता की तिला पाणी धरणं जमत नाही. सत्यमदादा नीट करील. करीलच, आप्पा. वावर त्याच्याकडे गेलं की तिन्ही दिवस तुमच्या घरचे होतील, मग शेंड्यापर्यंत पाणी पोचायला काय अडचण? मग लाइट गेली तरी कुणाची पाळी जाणार नाही. तेव्हा लोक म्हणतील, बघा, बाईला जमलं नाही ते पोराने करून दाखवलं. हे मला सहन होणार नाही. तुम्हालाही मनातून हे बरोबर वाटत नसणार, नाहीतर बाईमाणूस, चिखल आणि लोकांची नावं एवढं सगळं तुम्हाला पत्रात लिहावं लागलं नसतं.

काल आम्ही दोघींनी पाणी दिलं. शेवटच्या वाफ्यापर्यंत. आई चपला बांधावर काढून ठेवून वाफ्यावाफ्यातून फिरत होती आणि कुठे पाणी तुंबलं, कुठे फुटलं ते बघत होती. जमत नाही म्हणता ना, तिचं काम एकदा उभं राहून बघा. मी एक वाफा भरेपर्यंत तिचे दोन झाले होते आणि माझा तर मध्येच फुटला.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, वावर लावून द्यायला तू हाव म्हणालीस का? ती म्हणाली, "मोठ्या दिरापुढं मी कधी तोंड उघडलंय का? आप्पा बोलले, मी खाली बघितलं. रोजच बघते. त्याला हाव म्हणत असतेत व्हय?"

हे मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिलंय. ती तुमच्या घरात आली तेव्हापासून तुमच्यासमोर मान खाली घालून उभी राहते, पदर सावरते, तुमचं ताट वाढून आत जाते. तो तुमचा मान म्हणून. तुम्ही त्या मानाचाच होकार करून टाकलात आणि वावर देऊन मोकळे झालात. ही चूक आपल्याच घरात होऊ शकते.

तुमच्याशी असं बोलताना मला सोपं जात नाही. ह्याच विहिरीत कमरेला दोर बांधून तुम्ही मला पोहायला शिकवलंत. बाबा वरून ओरडत होते की पोरगी बुडेल, आणि तुम्ही दोर सोडून दिलात. बारावीनंतर सगळे सोयरे स्थळं घेऊन आले तेव्हा तुम्हीच त्यांना चहा पाजून परत पाठवलंत. मी तुमचं काहीही विसरलेले नाही. पण म्हणून आईचं वावर तुम्हाला देऊन त्याची परतफेड होणार नाही. शिक्षण तुम्ही मला दिलं असेल, तर त्यातलं मला जे समजलं तेही तुम्हाला ऐकावं लागेल.

चांगला शेड्यूलर काय करतो ते मॅडमनी नंतर शिकवलं. ज्याचं काम त्याच्या चुकीशिवाय अडलं, त्याचा तेवढा वेळ मोजत नाही. आणि जो जास्त दिवस रांगेत मागे राहिला, त्याला हळूहळू पुढे घेत जातो. वाट पाहिली म्हणून त्याचा हक्क वाढतो. तुम्ही हे मशीनमधलं ज्ञान म्हणून हसाल. पण बाबांसाठी तुम्ही हेच करत होतात, कुणी न शिकवता.

आता पाडव्याचं. आम्ही वावर लावून देणार नाही. सत्यमदादाला नाही, दुसऱ्या कुणालाही नाही. आईचा दिवस तिचाच राहील. पाणी तिच्या बांधाला लागेल तिथून तिची पाळी मोजायची. लाइट गेली तर उरलेली पाळी दुसऱ्या दिवशी आधी पुरी करायची, आणि हे तुमच्या दिवसालाही लागू, शिवशंकरकाकांच्याही. काकांना मी वेगळं पत्र टाकलंय. त्यांना ह्यावेळी नुसता अंगठा पाठवून चालणार नाही. तुम्हाला हे मान्य नसेल तर तसं विहिरीवर सगळ्यांसमोर सांगा, कारण सांगून. मग पुढे काय करायचं ते आम्ही बघू. आम्ही गप्प बसणार नाही एवढं नक्की.

पाडव्याला विहिरीवर फक्त भाऊ बसतात आणि बायका घरी पुरणाचं बघतात. बाबा गेल्यापासून तुम्ही दोघेच बसता आणि तिघांच्या पाण्याचं ठरवता. पुढच्या गुरुवारी, पाडव्याला, आम्ही दोघीही येऊन बसू. मी तिथे तुमची पुतणी म्हणून येणार नाही, वाटेकरी म्हणून येणार आहे. नंतर घरी येऊन तुमच्या पाया पडेन, तेव्हा पुतणी असेन.

माझं प्रॅक्टिकल बुडालं. मॅडमना फोन करून खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, ये सावकाश. मी पाडवा होईपर्यंत इथेच आहे.

आई शेजारीच बसली आहे. सगळं पत्र मी तिला वाचून दाखवलं. एक-दोन ठिकाणी ती म्हणाली, एवढं कडक नको. मी बदललं नाही. मग तिने माझ्या हातातून पेन घेतलं. खालचं तिने स्वतः लिहिलंय.

रेवणसिद्धाच्या वाट्याची,
आरती

आप्पांना गौरम्माचा शरणार्थ. वावर मीच करणार. पाडव्याला मी तुमच्यासमोर बोलणार हाय. तवा उठून जाऊ नका.